लागन तेवढं मीठ

खाण्याच्या बाबतीत वर्धा जिल्ह्याला दोन टोकांचे पूर्वज लाभले आहेत. पहिला बकासुर. सेलू तालुक्यातलं केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असं इकडची परंपरा सांगते. केळझरचा गणपती विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, आणि त्याच्या दर्शनाला जाणारा माणूस बकासुराची गोष्ट ऐकल्याशिवाय सहसा परत येत नाही. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते सगळं घेऊन येणारा माणूस, असा बकासुराचा डबा होता. दुसरे महात्मा गांधी. 1936 साली ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचं सेवाग्राम झालं. गांधीजींच्या एकादश व्रतांमध्ये अस्वाद हे एक व्रत होतं. जेवायचं ते शरीर चालावं म्हणून, जिभेचे लाड व्हावेत म्हणून नव्हे.

हिंगणी हे गाव याच सेलू तालुक्यातलं, बोर धरणाच्या वाटेवरचं. एकीकडे गाडाभर भात आणि दुसरीकडे अस्वाद व्रत, अशी वैचारिक ओढाताण शेजारीच चाललेली असताना हिंगणीच्या माणसाने दोघांनाही लांबूनच हात जोडले आणि घरी येऊन विचारलं, ‘चून टाकलं काय?’

चून म्हणजे पुण्या-मुंबईचं पिठलं, पण हे वाक्य हिंगणीत बोलू नये. पिठलं गुळगुळीत असतं, सभ्य असतं, ताटात पसरून बसतं. चून तिखट असतं. त्यात लसूण ठेचून पडतो, मिरचीचे तुकडे वर तरंगतात, आणि गरम ज्वारीच्या भाकरीवर घेतलं की खाणाऱ्याच्या नाकातून पाणी येतं. शेजारी बुक्कीने फोडलेला कांदा. कांदा सुरीने कापला तर चव जाते असं मानणारे लोक इथे आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

या पदार्थाची खरी ओळख अशी, की तो घरात काहीच नसताना होतो. वऱ्हाडाचा आणि वर्ध्याचा उन्हाळा असा असतो की एप्रिल-मेमध्ये बाजारातली पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकते. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मात्र डब्यात बारमाही बसलेलं. रात्री उशिराच्या एसटीने पाहुणा उतरला, पावसात वीज गेली, नवरा-बायकोचं भांडण झालं आणि कोणाचाच स्वयंपाकाचा मूड नाही, पोराला ताप येऊन गेला आणि तोंडाला चव नाही, या सर्व प्रसंगांवर घरातला एकमेव तोडगा चून. नाइलाजाने केलेला पदार्थ हळूहळू आवडीचा कसा होतो, याचा शोध घ्यायचा तर फार लांब जावं लागत नाही. तो नेहमी वाईट वेळेला हजर होता, एवढंच. पुरणपोळीला हे जमलं नाही. ती फक्त पोळ्याला आणि होळीला येते, तेही सगळं ठीक चाललेलं असताना.

आता मात्र चुनाला पर्यटक भेटले आहेत. बोरचं जंगल 1970 साली अभयारण्य झालं आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे 138 चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांमध्ये गणना होणारा. शनिवार-रविवारी नागपूरहून गाड्या येतात, हिंगणीवरून पुढे जातात. वाघ प्रत्येकालाच दर्शन देतो असं नाही. तो त्याच्या मर्जीचा मालक. पण जंगलातून हात हलवत परतलेल्या माणसाला भूक लागलेली असते, आणि तो म्हणतो, ‘काहीतरी अस्सल गावचं द्या.’ मग चून, भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा समोर येतो आणि पाहुणा त्याचे चार बाजूंनी फोटो काढतो. त्याच वेळी यजमानाच्या घरातलं पोरगं चौकातल्या चायनीजच्या ठेल्यावर मंचुरियनची वाट पाहत उभं असतं. दोघेही आपापल्या रोजच्या जेवणापासून पळून आलेले आहेत. फक्त पाहुण्याला तसं कबूल करता येतं.

पण या लेखाचा नायक पर्यटक नाही. नायक आहे हिंगणीहून हिंजवडीला गेलेला पोरगा.

असा पोरगा आता तालुक्यातल्या कुठल्याही गावात एक तरी सापडतो. शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिघांत मिळून फ्लॅट घेतला. पहिले काही महिने बाहेरचं जेवण मजेत चालतं. मग एका रात्री पाऊस पडतो आणि त्याला आतून चून आठवतं. तो आईला फोन लावतो. हा संवाद साधारण सगळीकडे सारखाच होतो.

‘माय, चुनात मीठ किती टाकू?’

‘लागन तेवढं टाक.’

‘म्हणजे किती?’

‘आता मी काय काटा घिऊन बसली काय इथं?’

‘बरं, पाणी किती?’

‘पीठ मावन तेवढं.’

‘शिजवू किती वेळ?’

‘शिजेलोक.’

‘शिजलं हे समजन कसं?’

‘शिजल्यावर समजते ना बापू.’

पोरगा इंजिनिअर आहे. चार वर्षं त्याला शिकवलं गेलं की मोजता येत नाही ते सुधारता येत नाही. आणि इकडे त्याची आई अशा भाषेत बोलते आहे जिच्यात प्रत्येक उत्तर बरोबर आहे आणि एकाचाही उपयोग नाही. तो फोन ठेवतो, अंदाजाने मीठ टाकतो, आणि त्या रात्री तिघेजण खिचडी मागवतात.

यात आईची लबाडी काहीच नाही. पाककृती सांगताना बायका एक जिन्नस मुद्दाम लपवतात, असा एक जुना आरोप आहे. असतीलही तशा काही. पण बहुतेक वेळा सांगणारीला तो जिन्नस लपवता येत नाही, कारण तो तिलाच माहीत नसतो. हिंगणीतलं चून लोखंडी कढईत होतं. ती कढई वर्षानुवर्षं तेल पिऊन काळीभोर झालेली असते. पुण्याच्या फ्लॅटमधल्या नॉनस्टिक भांड्यात फोडणी कितीही केली तरी पीठ कडेला लागत नाही, खरपूस होत नाही, आणि खरपुडी तर नाहीच नाही. खरपुडीशिवायचं चून म्हणजे हिंगणीच्या हिशेबाने सूप. डाळ घरच्या शेतातली, गावच्या गिरणीतून जरा भरड दळून आणलेली. शहरातलं पाकिटबंद बेसन इतकं बारीक असतं की ते पाण्यात पडताच गुठळ्यांची सभा भरवतं. आईला यातलं काहीच सांगायचं सुचत नाही. कढई लोखंडाची असते हे काय सांगायचं? सूर्य पूर्वेला उगवतो हे कोणी फोनवर सांगतं का?

पाण्याचंही तसंच. पूर्वी गावोगावी एखादी विहीर अशी असे की जिचं पाणी पिण्याला वेगळं आणि डाळ शिजवायला वेगळं, असा बायकांचा निर्वाळा असे, आणि डाळीसाठी मुद्दाम त्या विहिरीवर जाऊन घागर भरून आणली जाई. शहरातून आलेली सून याला खुळचटपणा समजे. पण यात शास्त्र आहे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या सालीतल्या व पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. हलक्या पाण्यात तीच डाळ पटकन शिजते. म्हणजे वरणाच्या पाककृतीत पहिला जिन्नस ‘अमक्याच्या वाड्यातल्या विहिरीचं पाणी’ असा लिहायला हवा होता. कुठल्याच पुस्तकाने तो लिहिला नाही.

पुस्तकांनी तसे प्रयत्न भरपूर केले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 साली निघालं, छापील मराठी पाकपुस्तकांच्या अगदी सुरुवातीचं. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ लिहून हजाराचा आकडा गाठला. आणि 1970 साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली, तिने तर मराठी लग्नांत आहेराच्या भांड्यांशेजारी कायमची जागा मिळवली. ‘रुचिरा’ची मोठी करामत अशी की तिने शेर-अदपावाच्या आणि ‘अंदाजे’च्या राज्यात वाटी आणि चमचा आणला. नवी नवरी वाटी घेऊन ओट्याशी उभी राहू लागली. सासवा चमकल्या. आपली चाळीस वर्षांची सत्ता एका वाटीने जाईल अशी कोणालाच कल्पना नव्हती.

हिंगणीच्या स्वयंपाकघरातली मापं मात्र अजूनही शरीरालाच चिकटलेली आहेत. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. तांदूळ भिजवताना बोटाच्या पेरापर्यंत पाणी. यात अडचण एवढीच की मूठ माणसागणिक बदलते. सासूची मूठ बारीक आणि सुनेची मोठी असेल तर भाताचं गणित पहिल्याच दिवशी बिघडतं आणि घरात ‘माहेरी शिकवलं नाही’ हे वाक्य उच्चारलं जातं. तापमानाची मापं त्याहून वरताण. तेल तापलं की नाही हे कणकेचा तुकडा टाकून कळतं. मिरची भाजली गेली की नाही हे शेजारच्या घरातून कळतं. तिकडे खोकला सुरू झाला, की इकडे ठेच्याचा तवा उतरवायचा.

मिरचीचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं, की या भागातल्या दोन गोष्टींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची. म्हणजे हळद कुठली आणि मिरची कुठली हे आता सरकारी कागदावर आहे. फोडणी कोणाची, हे मात्र अजून ठरायचं आहे. गावात जर असं मानांकन वाटायचं ठरवलं तर पहिल्याच दिवशी गोळाभातावरून मोर्चे निघतील.

गोळाभात हा विदर्भाचा खास पदार्थ. हरभऱ्याची डाळ भिजवायची, भरड वाटायची, तिखट, मीठ, हिंग, तेल घालून तिचे गोळे वळायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातात ते ठेवून द्यायचे. वाफेवर दोन्ही एकदम होतात. ताटात गोळा फोडायचा, भातात कालवायचा आणि वरून कढत फोडणीचं तेल. इथवर सगळ्यांचं एकमत. मग प्रश्न येतो, सोबत काय? एका घरात कढी, दुसऱ्या घरात चिंचेचं सार. कढीवाले साराला ‘आजाऱ्याचं’ म्हणतात, सारवाले कढीला ‘पाणचट’. दोन्ही पक्षांची आजी एकच, मोठ्या आजीच्या दोन मुली दोन गावांत दिल्या त्यातून ही फाळणी झाली, आणि दोघीही ‘आमच्या मायच्या हातचा असाच असे’ असं सांगतात. मूळ आजी हयात नाही. हयात असती तर तिनेही ‘घरात जे असन ते’ असंच सांगितलं असतं, असा प्रस्तुत लेखकाचा दाट संशय आहे.

पाककृती गावोगाव फिरतात त्या मुलींबरोबर. भंडाऱ्याकडची सून आली की ती धानाच्या मुलखातली, तिला भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. इकडे ज्वारी-गव्हाचं राज्य. नागपूरच्या हलबा-कोष्टी समाजातून सावजी रस्सा निघाला आणि बघता बघता त्याने नुसत्या वासावर सगळा विदर्भ काबीज केला. हे सगळं कुठलीही समिती न नेमता झालं. सासूचा विरोध, नवऱ्याची तटस्थता आणि दिराची ‘वहिनी, अजून वाढा’ ही हाक, या तीन शक्तींच्या झगड्यातून नवी भाजी घरात रुजते. यातला दीर निर्णायक असतो. त्याला राजकारणाचा पत्ता नसतो आणि त्याची भूक प्रामाणिक असते.

सासू-सून आणि खाणं यांचं नातं किती जुनं आहे ते पाहायचं असेल तर एकनाथांचं भारूड आहे. भवानीआईला रोडगा कबूल करणारी ती बाई सासू-सासऱ्यांसकट सगळ्या गोतावळ्याचा बंदोबस्त करून मागते. भारुडाचा अर्थ आध्यात्मिक आहे, हे मान्य. पण रोडगा हा काही आध्यात्मिक पदार्थ नाही. तो भलताच ऐहिक आहे. जाडसर कणीक मळायची, गोळे करायचे, शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, भाजले की राख झटकून फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची तिखटजाळ भाजी आणि वरण. त्याचाच भाऊ पानगा. तो पळसाच्या पानांत थापून भाजतात. हिवाळ्यात शेतावर रोडग्यांचा बेत ठरला की घरात एरवी पाण्याचा पेला न उचलणारे पुरुष एकाएकी पाकतज्ज्ञ होतात. आर किती हवा, रोडगा कधी उलटायचा, यावर खास पुरुषी गांभीर्याने चर्चा चालते. वांगी चिरायला, कणीक मळायला आणि भांडी घासायला अर्थातच या तज्ज्ञांना वेळ नसतो.

एवढ्या खवय्या मुलखात गांधीजींनी अस्वाद व्रत आणलं. त्यांच्या धाडसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. मिठाच्या कायद्यापेक्षा मिरचीचा कायदा मोडणं वर्ध्यात जास्त कठीण होतं. सेवाग्रामला येण्याआधी ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं ठाणंही तिथेच होतं. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचं तेल यांचा प्रचार तिथून चाले. गांधीजींनी 1935 मध्ये रानोमाळ मिळणारा हिरवा पाला आणि सोयाबीन जेवणात आणण्याचे प्रयोग केले आणि त्यावर ‘हरिजन’मध्ये लिहिलंही. पाल्याचं इथल्या बायांना नवल नव्हतं. पहिला पाऊस पडला की तरोट्याची कोवळी पानं खुडून आणायची, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. फक्त त्या ती पानं लसणाच्या फोडणीशिवाय खात नसत.

सोयाबीनची गंमत वेगळीच झाली. आज खरिपात जिल्ह्यात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. गांधीजींना आनंद झाला असता. पण घरात ते शिजत नाही. पोतं बाजार समितीत जातं आणि तेलाच्या पिपातून परत येतं, आणि त्या तेलात आलुबोंडे तळले जातात. प्रयोग यशस्वी झाला म्हणावा की नाही?

सेवाग्रामच्या जेवणाची सगळ्यात खुसखुशीत तक्रार केली ती एका अमेरिकन पत्रकाराने. लुई फिशर 1942 च्या जूनमध्ये आठवडाभर आश्रमात राहिला. जून म्हणजे अंगाची लाही करणारा वैदर्भी जून. पालक आणि भोपळ्याचा तोच तो उकडलेला लगदा रोज ताटात पाहून शेवटी त्याने तो नको म्हटलं. गांधीजींनी त्याला मीठ-लिंबू घालून पाहायला सुचवलं. म्हणजे मूळ चव मारून टाकू का, अशा अर्थाचं त्याने विचारलं. मारू नका, वाढवा, असं उत्तर आलं. त्यावर फिशर गमतीने म्हणाला की तुम्ही एवढे अहिंसक की चवसुद्धा मारणार नाही. स्वराज्याच्या वाटाघाटींच्या धामधुमीत, छोडो भारत आंदोलनाच्या उंबरठ्यावर, दोन पोक्त माणसं भोपळ्याच्या चवीवर असा काथ्याकूट करत बसली होती. पंचक्रोशीतल्या एखाद्या काकूला बोलावलं असतं तर तिने निमूटपणे मोहरी तडतडवली असती आणि तो प्रश्न तिथेच संपला असता. हिंगणीत आजही लाल भोपळ्याला म्हणजे कोहळ्याला कोणी असं वाऱ्यावर सोडत नाही. त्याची बोंडं करतात. किसून गुळात शिजवायचा, कणकेत मिसळायचा आणि तेलात सोडायचा.

आणि गांधी-विनोबांच्या या जिल्ह्याने जगाला खाऊ म्हणून काय दिलं? गोसेवेच्या चळवळीतून वर्ध्यात उभ्या राहिलेल्या गोरस भांडारचा गोरसपाक. गाईच्या तुपातला, तोंडात टाकताच विरघळणारा. अस्वाद व्रताच्या अंगणात इतका स्वादिष्ट पदार्थ जन्माला यावा याला वर्ध्याचे लोक विसंगती मानत नाहीत. ते दोन पुडे बांधून घेतात.

लिहून ठेवलेल्या पाककृतीला हरवणारा सगळ्यात मोठा प्रसंग उन्हाळ्यात घडतो. वाळवण. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक गाळून घ्यायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि पहाटे उकळत्या पाण्यात हिंग-मीठ घालून तो चीक घोटायचा. हे एकटीचं काम नाही. गल्लीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जमतात, आणि जी बाई फोनवर पोराला दोन वाक्यं नीट सांगू शकत नाही तीच इथे नव्या सुनेला एका शब्दाशिवाय सगळं शिकवते. सून घोटत असते, काकू नुसती बघत असते, आणि अचानक पळी हातातून ओढून घेते. तेवढंच. धडा झाला.

या कारखान्यात चोरीही ठरलेली. शिजलेला गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तेल-तिखट किंवा तूप-साखर घालून खायला पोरं टपलेली असतात. मोठी माणसं आधी ओरडतात आणि मग स्वतःची वाटी पुढे करतात. गावाबाहेर गेलेल्या माणसाला विचारा, कुरडई आवडते का? आवडते, म्हणेल. चीक म्हटलं की त्याचा चेहराच बदलतो. कुरडई विकत मिळते. चीक कोणी विकत नाही, कारण तो कधी उरतच नाही.

सरगुंड्यांचंही असंच. कणकेची बारीक वळी काडीभोवती गुंडाळून काढायची, वाळवायची, आणि आखाजीला आंब्याच्या रसाबरोबर उकडून जावयाला वाढायची. एका जावयाच्या ताटामागे किती बायकांच्या किती दुपारी गेल्या याचा हिशेब जावई कधी विचारत नाही. तो रसाला साखर कमी आहे म्हणतो.

मोठ्या प्रमाणावर जेवण करणाऱ्यांना मात्र अंदाजाची ही ऐश परवडत नाही, असं वाटू शकतं. नागपूरच्या विष्णू मनोहरांनी 2017 साली सलग पन्नास तासांहून जास्त स्वयंपाक करून विक्रम केला आणि 2018 साली नागपुरात तीन हजार किलो खिचडी एकाच कढईत शिजवली. तिथे मोजमाप लागलंच असेल. तीन हजार किलोला लागन तेवढं मीठ म्हणजे पोती. पण गावच्या महाप्रसादाला वांग्या-आलूची भाजी करणारा आचारी पाहावा. कढईत माणूस उभा राहील एवढी भाजी, हातात फावड्याएवढा सराटा, आणि मिठाची पिशवी सरळ उलटी. कोणी विचारलंच, ‘किती टाकलं जी?’ तर तो पंगतीकडे बघतो. लोक किती आले यावरून तो मीठ ठरवतो, आणि पाहुणे वाढले तर भाजीत पाणी. त्याची भाजी एकदाही खारट निघालेली नसते. त्याच्या घरची निघते, असं त्याची बायको सांगते.

आता ही विद्या मोबाईलवर आली आहे. चुलीवर मातीच्या गंजात भाजी शिजवणाऱ्या आजींचे व्हिडिओ लाखो लोक बघतात, आणि त्यातल्या आजीही ‘अंदाजानं घ्या’ असंच म्हणतात. तरी फरक पडतो. पोराला निदान दिसतं की अंदाज म्हणजे एवढा. हिंजवडीच्या पोराने शेवटी हाच उपाय केला. आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. आईने इकडून त्याच्या कढईकडे बघत हुकूम सोडले. ‘थांब. आता टाक. अजून. बस. अरे बस म्हटलं ना!’ नेट मध्येच अडकलं, ‘बस’ उशिरा पोचलं आणि तिखट जास्त पडलं. त्यामुळे चव बरोबर गावासारखी झाली. आईचा हात मुळातच तिखटाला सैल होता, तो इतकी वर्षं पाककृतीचाच भाग होता.

एक पदार्थ मात्र असा आहे की त्याची कृती कोणी कोणाला विचारत नाही. रात्रीच्या शिळ्या पोळ्यांचा कुस्करा. सकाळी पोळ्या हाताने कुस्करायच्या, तेलात कांदा-मिरची-हळदीची फोडणी द्यायची आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरायची. दुसरा पक्ष गूळ-तुपात कुस्करतो आणि त्याचा लाडू वळतो. या दोन पक्षांत वाद आहेच, पण खरी अडचण निराळी. रात्रीच्या पोळ्या उरल्या तरच हा पदार्थ होतो, आणि चांगला स्वयंपाक असला की पोळ्या उरत नाहीत. म्हणून अनेक घरांत रात्री मोजून चार पोळ्या जास्त लाटल्या जातात, उरण्यासाठी. त्या झाकून ठेवल्यावर घरातला कर्ता पुरुष मध्यरात्री पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो आणि त्यातली एक गुळाबरोबर खातो. सकाळी विचारलं तर तो मांजराचं नाव सांगतो. त्या घरात मांजर नाही.